मधमाश्यांना आधी कळवावे

मी, श्रीमती सरोज कुमार सौंदाणकर, वय त्रेसष्ट, व्यवसाय शिक्षिका, विषय जीवशास्त्र, कायमचा पत्ता गंगापूर रोड, नाशिक, आणि गेल्या एकोणचाळीस वर्षांचा तात्पुरता पत्ता दम्माम, सौदी अरेबिया, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्तच आहे आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. हृदयातली एक झडप आकसली आहे. पण तिचा बुद्धीशी काही संबंध नाही, असे डॉ. अदिबा अन्सारी यांनी सोबतच्या प्रमाणपत्रात नमूद केले आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी एकही केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

आज गुढीपाडवा आहे. इकडे आजच ईद आहे. आणि तिकडे इंग्लंडात आज मदरिंग संडे, म्हणजे मुलांनी आईला रानफुलांची जुडी द्यायचा रविवार. तिन्ही एका दिवशी आलेले मी पहिल्यांदाच पाहते आहे. सणाच्या दिवशी मृत्युपत्र लिहू नये असे विनयचे म्हणणे पडले, पण शाळेला सुट्टी आजच आहे आणि साक्षीदारही आजच मोकळे आहेत.

हा विनय म्हणजे अ‍ॅड. विनय पाटणकर, नाशिक. माझा दम्माममधला जुना विद्यार्थी. नववीत त्याने बेडकाच्या हृदयाला चार कप्पे काढले होते आणि मी त्याचे मार्क कापले होते. तरीही या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी त्यालाच नेमते, कारण तेव्हापासून त्याने माझ्याशी एकदाही खोटेपणा केलेला नाही. कच्चा मसुदा वाचून तो फोनवर म्हणाला, "बाई, सगळं ठीक आहे, फक्त मधमाश्या काढून टाका. कोर्टात हसतील." हसू देत. मधमाश्या राहतील.

कलम १. नाशिकचा फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि शाळेकडून नोकरीअखेर मिळेल ती रक्कम, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी सौ. ज्ञानदा, राहणार रेडिंग, इंग्लंड, हिला मिळावे. आकडे विनयकडे आहेत. आकडे इथे लिहिले की पुढचे कोणी वाचत नाही, आणि पुढचेच महत्त्वाचे आहे.

कलम २. माझे दीर श्री. रत्नाकर सौंदाणकर यांना आमच्या इंग्लंडच्या सहलींचे पाच अल्बम द्यावेत. पाचही अल्बम ऑगस्टमधले आहेत. भाऊजींनी ते एका बैठकीत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहावेत, अशी माझी अट आहे. त्यांना पाचही सहलींत हिरवे गवत, पिवळी शेते आणि छत्री घेतलेली मी, एवढेच दिसेल. निळे काही दिसणार नाही. "गवतफुलं बघायला कोण विमानाचं तिकीट काढतं, वहिनी?" असे ते दर वेळी हसून विचारत, आणि भाऊ बोलला म्हणून कुमारही हसायचा. त्या हसण्याचा हिशेब मी या कलमाने मिटवते.

कुमार म्हणजे माझे दिवंगत पती. घरात मी त्याला अरे-तुरेच करायची, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून इथेही तसेच लिहिते. तो इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होता. प्लँटचे शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी तो बंद ठेवणे, दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तेव्हा त्याची रजा बंद. माझ्या शाळेत मार्चमध्ये परीक्षा आणि एप्रिलमध्ये नवे वर्ग, म्हणजे माझीही बंद. मुलीची शाळा तीच. त्यामुळे आमची रजा नेहमी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि इथल्या सगळ्या घरांची तशीच. चौतीस वर्षे मी वसंत ऋतू उत्तरपत्रिका तपासत घालवला. नाशिकच्या हापूसच्या पेट्याही आम्हाला फोटोतच दिसल्या, पण त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही.

कलम ३. माझी फुलांची वही माझी नात चि. अवंती, वय सहा, हिला द्यावी. वहीचा इतिहास लिहिणे भाग आहे, नाहीतर तिची आई ती रद्दी समजून टाकून देईल.

सन १९८४ च्या जूनमध्ये, लग्नाला वर्ष झालेले असताना, कुमारला कंपनीने स्विंडनजवळच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवले. शहरात भाडी परवडेनात, म्हणून आम्ही पांढऱ्या घोड्याच्या टेकडीखालच्या कॉम्बली नावाच्या खेड्यात, श्रीमती डॉरीन लवग्रोव्ह या विधवा बाईंच्या घरात वरची खोली घेतली. पांढरा घोडा म्हणजे डोंगराच्या अंगावर गवत खरवडून आणि खालचा खडू उघडा करून कोणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी काढलेले चित्र. जवळ जाऊन पाहिले तर नुसत्या पांढऱ्या पायवाटा दिसतात. घोडा बघायचा तर दरीतून बघावा लागतो. दर उन्हाळ्यात गावची माणसे गुडघे टेकून हातोड्यांनी त्यात ताजा खडू ठोकतात, नाहीतर गवत त्याला गिळून टाकेल. मी मनमाडला वाढलेली मुलगी. एवढ्या हिरव्या जागेत कोणी पांढरे राहावे म्हणून एवढी खटपट करते, याचे मला फार नवल वाटले होते.

डॉरीनबाईंना मूलबाळ नव्हते. त्यांनी मला त्या वर्षाचे पंचांग शिकवले. जूनमध्ये कुंपणावरचे रानगुलाब. एल्डरच्या झाडाची फांदी तोडण्याआधी झाडाची परवानगी मागायची. रानातली काळी बोरे एकोणतीस सप्टेंबरनंतर तोंडात घालायची नाहीत, कारण त्या दिवशी सैतान त्यांवर थुंकतो. फेब्रुवारीच्या दोन तारखेला बर्फातून डोके काढणारी पांढरी फुले बघायला जायचे, पण घरात आणायची नाहीत. मार्चमध्ये ओढ्याच्या काठी फिकट पिवळ्या प्रिमरोझ, त्या मात्र मदरिंग संडेला आईसाठी खुडायच्या. १९८५ च्या मदरिंग संडेला मी सकाळी ओल्या गवतात जाऊन त्यांच्यासाठी जुडी बांधून आणली. त्यांनी ती हातात घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सॅरोज, अजून खरं काही बघितलंच नाहीस तू. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांब. टेकडीमागचं बीचच्या झाडांचं रान फुलांनी निळं होतं. जमीन दिसत नाही."

आम्ही अकरा एप्रिलला निघालो. कुमारला दम्मामची नोकरी लागली होती आणि व्हिसा थांबणार नव्हता. रानाच्या फाटकापर्यंत मी आदल्या दिवशी जाऊन आले. नुसती हिरवी पाती वर आली होती, आणि एका पातीच्या पोटात एक कळी होती. मी ती तोडली नाही. तोडायला हवी होती, असे मला चाळीस वर्षे वाटत आले आहे.

त्या वहीत त्या वर्षाचे एकेक फूल दाबून, नाव आणि तारीख घालून लावले आहे. शेवटच्या पानावर त्या रानातल्या निळ्या फुलाचे, 'ब्लूबेल' असे नाव लिहिले आहे, तारखेची जागा मोकळी आहे, आणि पानही मोकळे आहे. पुढे डॉरीनबाई दर मे महिन्यात आपल्या बागेतले एक फूल कागदात दाबून मला दम्मामला पाठवत. सत्तावीस वर्षांत सत्तावीस फुले आली. मी त्यांतले एकही पानावर लावले नाही, कारण पोचेपर्यंत सगळी तपकिरी झालेली असत. तो निळा टिकत नाही. ती सत्तावीस पत्रे वहीबरोबरच अवंतीला द्यावीत. मोकळ्या पानाचे काय करायचे ते तिने ठरवावे. तिच्या आईने त्यात पडू नये.

कलम ४. मोठी पितळी परात मी माझी शेजारीण सौ. झेबा इरफान मुकादम हिला आजच, हे लिहिण्यापूर्वी, हातात देऊन टाकली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे विनयने बजावले आहे, आणि झेबा साक्षीदार आहे. तेव्हा परातीचा या मृत्युपत्राशी काही संबंध नाही. कारण मात्र लिहून ठेवते.

कॉम्बलीत सतरा जानेवारीच्या संध्याकाळी सगळे गाव सफरचंदाच्या बागेत जमते. सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओततात, फांद्यांवर भाजलेल्या पावाचे तुकडे लावतात आणि भांडी बडवून झाडाला जागे करतात, म्हणजे पुढच्या हंगामात ते फळते. दम्मामच्या आमच्या कंपाउंडमध्ये सफरचंद नव्हते; एक खजुराचे झाड होते, आणि ते चार वर्षे फळले नव्हते. दारूचा प्रश्नच नव्हता. मी सफरचंदाचा रस ओतला, खालच्या काट्यांना टोस्ट टोचले आणि परात बडवली. पहिल्या वर्षी कंपाउंडचा हारिस, म्हणजे रखवालदार, धावत आला, त्याला वाटले आग लागली. दुसऱ्या वर्षी झेबा लाटणे घेऊन खाली उतरली. ती दापोलीकडची. म्हणाली, "सरोजताई, ह्यात आपलं काय जाताय? वाजवूया की!" पुढच्या उन्हाळ्यात झाडाला खजूर लागला. इरफानभाई म्हणतात, माळ्याने त्या वर्षी फुलोऱ्यावर नराची फुले नीट बांधली म्हणून लागला. शास्त्राची शिक्षिका म्हणून मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. तरीही परात दर सतरा जानेवारीला वाजवावी.

याच झेबाने गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पाऊस बरा झाला म्हणून, मला गाडीत घालून नैरियाकडच्या वाळवंटात नेले. तिथे खुजामा नावाचे रानफूल फुलले होते. मैलभर जांभळट रंग पसरलेला, आणि त्यात चटया टाकून लोक कहवा पीत बसलेले. "हां घ्या तुमचा निळा," झेबा म्हणाली. मी हो म्हटले. फार सुंदर होते, आणि तिने दोनशे किलोमीटर गाडी माझ्यासाठी चालवली होती. पण डोक्यावर झाड नव्हते, ओल नव्हती, आणि मी पुन्हा त्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. झेबा, हे तुला आज कळते आहे. रागावू नकोस.

कलम ५. कपाटात खालच्या खणात कुमारची तपकिरी पँट आहे. ती धुवू नये आणि कोणाला देऊ नये. तिच्या गुडघ्यांना पांढऱ्या घोड्याचा खडू लागलेला आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी हातोडे घेऊन घोड्याच्या मानेत दोन तास खडू ठोकला होता. मग मी त्याला बीचच्या रानाच्या फाटकाशी नेले. ऑगस्टमध्ये तिथे नेचे आणि चिखल याशिवाय काही नसते. तो फाटकावर हात ठेवून म्हणाला, "इथेच येतात ना? मग दिसल्या म्हण." मी चिडले. परतीच्या वाटेवर मी पुढे पुढे चालत राहिले. गाडीत बसताना तो म्हणाला, "निवृत्त झालो की एप्रिलमध्येच येऊ. शप्पथ." पँटच्या खिशात दोन विमान-तिकिटांचे कागद आहेत. तारीख २७ एप्रिल २०१९. ती त्याने स्वतः काढली होती, मला न सांगता, आणि वाढदिवसाला माझ्या डब्यात पोळीखाली ठेवली होती. पँट आणि कागद ज्ञानदाला द्यावेत. आपल्या बाबांनी शप्पथ पाळली होती, हे तिला माहीत असावे.

कलम ६. माझ्या पर्समध्ये लाल दोऱ्यात एक जुनी लोखंडी किल्ली आहे. तिचे घर आता विकले गेले आहे आणि कुलूप बदलले आहे. तरीही ती माझी सर्वांत मौल्यवान वस्तू समजावी. ती ज्ञानदाला द्यावी.

डॉरीनबाईंच्या परसात मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. त्या भागातली रीत अशी, की घरात जन्म, लग्न किंवा मृत्यू झाला की घरातल्या माणसाने जाऊन, घराच्या किल्लीने पेटीवर तीनदा ठोकून, मधमाश्यांना ते सांगायचे. मृत्यू तर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत सांगायचा. त्यांना मागाहून कळलेले चालत नाही. न सांगता राहिले, तर त्या रुसून निघून जातात किंवा पेटीतच मरतात. १९८५ च्या मार्चमध्ये मला सकाळी उलट्या होऊ लागल्या. मला काही कळायच्या आत डॉरीनबाई किल्ली घेऊन परसात गेल्या. म्हणजे ज्ञानदा येणार, हे जगात पहिल्यांदा मधमाश्यांना कळले. कुमारला नंतर, आणि माझ्या सासूबाईंना त्याहून नंतर.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, मधल्या सुट्टीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये मला फोन आला. डॉरीनबाईंचे शेजारी रॉजर बोलत होते. बाई सकाळी गेल्या होत्या आणि उशाशी एक चिठ्ठी ठेवून गेल्या होत्या. चिठ्ठीत होते, 'मधमाश्यांना सॅरोजने सांगावे. तीच या घरातली आहे.' रॉजर म्हणाले, "मी पेटीपाशी उभा आहे. किल्ली माझ्याकडे आहे. मी ठोकतो आणि फोन धरतो, तू बोल." तीन ठोके ऐकू आले. मग गुणगुण. मी इंग्रजीत बोलायला तोंड उघडले आणि एकही शब्द येईना. शेवटी मराठीत म्हणाले, "डॉरीनबाई गेल्या. तुम्ही जाऊ नका." स्टाफरूममधल्या बायका वह्या तपासायच्या थांबल्या होत्या. मधमाश्या गेल्या नाहीत. त्या पेट्या रॉजर यांनी आपल्या परसात नेल्या आणि त्या अजून तिथे आहेत. किल्ली त्यांनी मला पोस्टाने पाठवली.

ही गोष्ट मी घरी येईल त्याला सांगत असे. ज्ञानदाने ती पन्नासदा ऐकली असेल.

कलम ७. हे कलम काढून टाकावे असे विनयचे, झेबाचे आणि रत्नाकर भाऊजींचे, तिघांचेही मत पडले. मी ते ठेवते.

२२ जानेवारी २०१९ ला कुमारला प्लँटमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि २४ तारखेला इथल्या इस्पितळातच त्याने प्राण सोडला. ज्ञानदा तेव्हा रेडिंगला आठव्या महिन्यात होती. तिचे ब्लडप्रेशर वाढले होते आणि तिला बिछान्यातून उठायची मनाई होती. भाऊजींचा नाशिकहून फोन आला, "वहिनी, तिला एवढ्यात कळवू नका. बाळंत होऊ दे, मग सांगू." जावयांचेही तेच म्हणणे होते. माझ्या सगळ्या मैत्रिणींचेही. परदेशात असलेल्या मुलांना वाईट बातमी अशीच उशिरा द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे आणि ती प्रेमापोटी आहे, असे मी तेव्हा मानत होते. पण सल्ला कोणाचाही असो, फोन माझ्या हातात होता.

कुमारला नाशिकला न्यायचे कागद व्हायला नऊ दिवस लागले. इकामा म्हणजे इथला रहिवासी परवाना, कंपनीचे पत्र, वकिलातीचे पत्र, विमानाचे पत्र. ज्ञानदा रोज फोन करायची. मी सांगायची, बाबा ड्यूटीवर आहेत. मग सांगू लागले, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ती शाळेपासून मला इंग्रजीतच उत्तरे देत आली आहे; मराठी येते, पण ते फक्त दुखले-खुपले की बाहेर येते. एकदा ती मराठीत म्हणाली, "आई, त्यांना नुसतं 'हं' म्हणायला सांग ना." मी फोन छातीशी धरला, आणि मग म्हणाले, "झोपले गं ते." तेव्हा मी नाशिकच्या घरात होते आणि समोर त्याच्या फोटोला हार घातलेला होता.

अवंती २६ फेब्रुवारीला झाली. ती पाच दिवसांची झाल्यावर मी ज्ञानदाला खरे सांगितले.  बाळाचा आवाज येत होता. मग ज्ञानदा म्हणाली, "यू टोल्ड द बीज, आई. मला नाही सांगितलंस."

तिने मला उद्देशून मराठीत बोललेले ते शेवटचे वाक्य. त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी फोन करते, "हाय, ऑल वेल?" म्हणते, अवंतीला पाच मिनिटे देते आणि ठेवते. आई म्हणून तिने त्यानंतर मला हाक मारलेली नाही. यात तिची चूक नाही. चूक माझी आहे, पूर्णपणे माझी आहे, आणि ती मी साक्षीदारांसमक्ष लिहून देत आहे. ती वारसाहक्काने कोणाकडे जाऊ नये.

कलम ८. येत्या ५ मे रोजी नाशिकच्या इस्पितळात माझी झडप बदलायची शस्त्रक्रिया ठरली आहे. धोका आहे. किती आहे ते डॉक्टर टक्क्यांत सांगतात. मी ते विद्यार्थ्यांना समजावू शकते, स्वतःला नाही. हे कळल्यावर भाऊजींचा लगेच फोन आला, "वहिनी, ज्ञानदाला एवढ्यात कळवू नका. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू." मी त्यांना शांतपणे सांगितले, "भाऊजी, तुम्ही अल्बम बघा."

म्हणून अशी आज्ञा करते, की माझ्या मृत्यूची बातमी सर्वांत आधी ज्ञानदाला द्यावी. नाशिकला असो वा दम्मामला, दिवस असो वा रात्र, ती आजारी असो, कामात असो किंवा विमानात चढत असो. शाळेच्या आधी, कफीलच्या, म्हणजे इथल्या हमीदाराच्या आधी, वकिलातीच्या आधी. हे काम झेबाने करावे. झेबाने शब्द दिला आहे. रडली, पण दिला.

आणि या मृत्युपत्राची एक प्रत मी मरणाची वाट न पाहता आजच, सह्या झाल्याबरोबर, ज्ञानदाला फोनवर पाठवत आहे. मृत्युपत्र जिवंतपणी वारसाला वाचायला देऊ नये, असा विनयचा सल्ला आहे. त्याबद्दल मी त्याचे आभार मानते.

कलम ९. इथून पुढे कायद्याची भाषा सोडते.

ज्ञानदा, तू नाशिकला यावंस असं माझ्या मनात आहे. बोलून दाखवायचा हक्क मला उरलेला नाही, पण मनात आहे ते लपवायचं नाही, असं मी आता ठरवलं आहे, म्हणून लिहिलं. आलीस तर पाच मेच्या आधी ये. नाही आलीस तर त्याच आठवड्यात एक काम कर. तुझ्या घरापासून ते रान गाडीने तासाभरावर आहे आणि सतरा वर्षांत तू तिथे वसंतात गेलेली नाहीस, कारण रजा ऑगस्टमध्ये घ्यायची सवय तुला आम्हीच लावली. अवंतीला घे आणि सकाळी जा. फाटकातून आत जा, मी गेले नाही तिथे. पायवाट सोडू नकोस, ती फुलं पायाखाली आली की वर्षानुवर्षं पुन्हा उठत नाहीत. तोडू नका. फोटो पाठवू नकोस, फोटोतला निळा मी खूप पाहिला आहे. फोन लाव आणि नुसता धरून उभी राहा. तिथे पक्षी असतील, वारा असेल, अवंती काहीतरी विचारत असेल. मला तेवढं पुरे.

माझी रक्षा गोदावरीतच सोड, तुझ्या बाबांची जिथे सोडली तिथे. ती जागा तू पाहिलेली नाहीस. झेबा दाखवेल, तेव्हा ती माझ्याबरोबर होती.

आता शेवटचं. मी गेले, तर ती किल्ली, आणि ती हाती आली नसेल तर तुझ्या घराची किल्ली, घेऊन त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत रॉजरच्या परसात जायचं. नाशिकला असलीस तर त्यांना फोन कर, ते ठोकतील आणि फोन धरतील, त्यांना सवय आहे. तीन ठोके झाले की मधमाश्यांना सांग, 'आई गेली.' इंग्रजीत सांगू नकोस. आमच्या घरच्या बातम्या त्या मराठीत ऐकतात. आणि हे तूच सांगायला हवं, कारण घरातलं माणूस आता तूच आहेस.

वाक्य दोन शब्दांचं आहे. त्यातला पहिला शब्द तू सहा वर्षांत उच्चारलेला नाहीस, म्हणून थोडा सराव करावा लागेल. आज तुमच्याकडे मदरिंग संडे आहे. मी फोन जवळ घेऊन बसले आहे.

हे सर्व मी राजीखुशीने, आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, झेबाच्या शीरखुर्म्याची वाटी आणि माझ्या श्रीखंडाची वाटी शेजारी ठेवून लिहिले, वाचून पाहिले, आणि काहीही न खोडता सही केली.

सही: सरोज कुमार सौंदाणकर

आम्ही खाली सह्या करणार असे लिहून देतो, की सरोजताईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत आणि एकमेकींदेखत केली, आणि प्रत फोनवर पाठवली ती त्यांनी स्वतःच.

साक्षीदार १: झेबा इरफान मुकादम, दम्माम, मूळ राहणार दापोली
साक्षीदार २: डॉ. अदिबा अन्सारी, दम्माम

ठिकाण: दम्माम
दिनांक: ३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा, दुपारी चार वाजून दहा मिनिटे